इटालियन भाज्या ठाण्यात लावायच्या तर पाकिटावरचा महिना बघू नका, आपल्याकडची रात्र मोजा

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे बाकीच्या वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुमचा मुलगा इटलीत तोरिनोला शिकतो. गेल्या वर्षी उन्हाळाभर तुम्ही त्याच्याकडे राहिलात आणि त्याच्या घरमालकिणीच्या परसात टोमॅटो, झुकिनी, रुकोला (तिखटसर पालेभाजी), फिनोक्यो (गड्ड्याची बडीशेप) बघून हरखून गेलात. परत आल्यावर त्याच जातींची बियाणं मागवलीत आणि पाकिटावर छापल्याप्रमाणे मार्च-एप्रिलमध्ये घोडबंदर रोडच्या नवव्या मजल्यावरच्या बाल्कनीत पेरलीत. लेट्यूस उगवलंच नाही. रुकोला बोटभर झाली आणि फुलावर गेली. टोमॅटो कमरेएवढे वाढले, फुलं धरली, पण फळ एकही नाही. झुकिनीची फळं अंगठ्याएवढी होऊन पिवळी पडली नि गळाली. आता तुम्ही विचारताय, बियाणं खोटं निघालं की या भाज्या आपल्याकडे होतच नाहीत?

दोन्ही नाही. वर्तकनगरला आमच्या इमारतीच्या गच्चीवर मी गेली अठरा वर्षं भाज्या लावते आहे, त्यातली बारा वर्षं या इटालियन भाज्या. पहिल्या दोन वर्षांत तुमच्यासारखंच सगळं घालवलं होतं आणि कारणही हेच होतं: बियाणं चांगलं होतं, वेळ दुसऱ्या देशाची होती.

तोरिनो 45 अक्षांशावर, आल्प्सच्या पायथ्याशी आहे. जानेवारीत तिथे रात्री पारा शून्याखाली जातो आणि वसंत ऋतू सुरू झाला तरी गारठ्याची एखादी रात्र परत फिरून येते. तिकडे 11 ते 13 मे या दिवसांना 'सांती दि ग्याच्चो', म्हणजे बर्फाचे संत म्हणतात. ते दिवस सरल्याशिवाय जुने लोक टोमॅटोचं रोप उघड्यावर लावत नाहीत. तेव्हा पाकिटावर 'मार्त्सो-अप्रिले' लिहिलेलं असतं ते काचेआड, घरातल्या उबेत रोपं तयार करण्यासाठी. पाकीट परत हातात घ्या आणि तीन शब्द शोधा. 'सेमिना' म्हणजे पेरणी, 'त्रापियांतो' म्हणजे रोपं काढून दुसरीकडे लावणं, 'राक्कोल्ता' म्हणजे काढणी. 'सेमिना'पुढे 'इन सेमेन्झायो' असेल तर आधी ट्रेमध्ये रोप करायचं, 'आ दिमोरा' असेल तर कायमच्या कुंडीत थेट बी टाकायचं. हे दोन शब्द मात्र ठाण्यातही तंतोतंत पाळा. महिने सोडून द्या.

महिन्यांच्या जागी काय धरायचं? तापमान, आणि त्यातही रात्रीचं. तोरिनोच्या जुलैत दिवसा साधारण 29 अंश आणि रात्री 18 च्या आसपास असतं. आता ठाण्याचा डिसेंबर-जानेवारी आठवा: दुपारी 30-31, पहाटे 16 ते 18, एखाद्या रात्री त्याहूनही खाली. म्हणजे आपली कडाक्याची थंडी हा त्यांचा भर उन्हाळा आहे. हे एकदा मनात बसलं की निम्मे प्रश्न तिथेच सुटतात. त्यांच्या उन्हाळी भाज्या आपण हिवाळ्यात लावायच्या. त्यांच्या हिवाळी भाज्यांना हवी असलेली थंडी आपल्या वर्षात कुठेच नाही, म्हणून त्यातल्या थोड्याच, निवडून, नि कमी अपेक्षेने लावायच्या.

कमाल-किमान तापमान दाखवणारा साधा थर्मामीटर घ्या आणि झाडं जिथे ठेवणार तिथेच टांगा. बातम्यांतलं तापमान तुमच्या बाल्कनीचं नसतं. आमच्या गच्चीवर येऊरच्या डोंगराकडून पहाटे गार हवा उतरते. माझी बहीण नेरूळला खाडीच्या बाजूला राहते, तिच्याकडे त्याच रात्री पारा दोन अंशांनी वर असतो, म्हणून तिची पेरणी माझ्यानंतर आठ-दहा दिवसांनी. खारघरला डोंगराच्या कुशीत राहणारी मंडळी माझ्याइतकीच लवकर सुरुवात करू शकतात. सलग तीन रात्री 22 च्या खाली गेल्या की हंगाम सुरू झाला असं मी धरते. बहुतेक वर्षी हे नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात होतं, आणि फेब्रुवारीच्या शेवटी दार बंद होतं. हाती येतात जेमतेम 100 ते 110 दिवस. त्यामुळे जात निवडताना तिचे दिवस आधी बघायचे, चव आणि रंग मग.

तुमच्या चारही अपयशांचा हिशेब आता लागतो. टोमॅटोचं फळ धरायला रात्री 15 ते 21 अंशांच्या दरम्यान लागतात. एप्रिलमध्ये ठाण्यात रात्रीही 24-25 च्या खाली उतरत नाहीत आणि दिवसा पारा 34-35 ला पोचला की परागकण निकामी होतात. झाड हिरवंगार, फूल भरपूर, फळ नाही. लेट्यूसचं बी तर उष्णतेत चक्क झोपून राहतं. माती 28-30 अंशांच्या वर गेली की ते उगवायचं नाकारतं. ते मेलेलं नसतं. ओल्या टिश्यूत गुंडाळून डब्यात घालून दोन-तीन दिवस फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवलं आणि संध्याकाळी पेरलं तर बरंचसं उगवून येतं. वर मातीचा थर मात्र नावापुरताच द्या, त्या बियाला उजेड लागतो. रुकोला गरमीने आणि वाढत्या दिवसाने लवकर फुलावर गेली. झुकिनीचं कारण थोडं वेगळं आहे, त्याच्याकडे पुढे येते.

वेळापत्रक मी सणांवर बांधलेलं आहे, कारण ते लक्षात राहतं. घटस्थापनेला घरात परडीत माती पसरून आपण धान्य पेरतोच. त्याच दिवशी मी टोमॅटो, वांगी आणि मिरचीचं बी ट्रेमध्ये टाकते. ऑक्टोबरच्या उन्हापासून रोपांना जाळीची सावली हवी. दिवाळीच्या सुमारास रोपं मोठ्या कुंडीत जातात आणि त्याच आठवड्यात रुकोला, लेट्यूस, चीमे दि रापा (मोहरीच्या कुळातली भाजी, तिच्याबद्दल पुढे), झुकिनी यांचं बी थेट पडतं. चंपाषष्ठीच्या आसपास दुसरी पेरणी. संक्रांतीनंतर फक्त पालेभाज्या. होळीला गच्ची आवरायची. अधिक महिन्यामुळे सण वीस-पंचवीस दिवस मागेपुढे होतात, म्हणून दिवाळी ऑक्टोबरातच आली तर घाई करू नका, थर्मामीटरचं ऐका.

आता एकेक भाजी. टोमॅटोपासून सुरू करते, कारण सगळ्यांचा जीव त्यातच अडकलेला असतो.

तुमच्याकडे सान मार्झानो आहे. ही जात उत्तरेतली नाही, नेपल्सजवळ व्हेसुव्हियसच्या आसपासच्या सार्नो-नोचेरा या पट्ट्यातली. तिथल्या सान मार्झानोला 1996 पासून युरोपातलं संरक्षित नाव आहे. लांबट, गराचा, बिया कमी, पाणी कमी. सॉससाठी उत्तम आणि आपल्या टोमॅटोच्या सारासाठीही. झाड वेलासारखं वाढत जातं, त्यामुळे पाच-सहा फुटांची काठी किंवा सुतळी लागणारच. 15 इंचांच्या कुंडीत एकच झाड. बगलेतले फुटवे खुडून दोन मुख्य फांद्या ठेवा. दिवाळीला लावलेल्या रोपाची फुलं डिसेंबरच्या मध्यावर येतात, म्हणजे नेमकी गार रात्रींत, आणि जानेवारीच्या शेवटापासून फळं पिकायला लागतात. सकाळी दहाच्या सुमारास फुलांच्या घोसाला टिचकी मारा किंवा काठी हलवा. टोमॅटोचं फूल स्वतःच्याच परागावर फळ धरतं, त्याला फक्त तेवढा हलकासा धक्का हवा असतो, आणि बंद बाल्कनीत वारा तो देत नाही.

या जातीची एक खोड अशी की फळाचं बूड काळं पडून बसतं. लोक लगेच अंड्याची टरफलं कुस्करून घालतात. टरफलं फार हळू विरघळतात, त्या हंगामात त्यांचा उपयोग होत नाही. बहुतेक वेळा कारण पाण्याचं असतं: दोन दिवस कोरडं, तिसऱ्या दिवशी बादलीभर. मुळांकडून चुना (कॅल्शियम) फळापर्यंत पोचायला ओल सारखी लागते. कुंडीवर सुकलेल्या पाल्याचं किंवा नारळाच्या सोडणाच्या तुकड्यांचं आच्छादन करा, रोज सकाळी बोट दोन पेरं मातीत घालून बघा आणि मगच पाणी द्या.

त्याहून मोठं संकट आहे मर रोग. झाड दुपारी मान टाकतं, संध्याकाळी सावरतं, तिसऱ्या-चौथ्या दिवशी हिरव्याचं हिरवं उभं वाळतं. कोकणपट्टीच्या दमट, आम्ल मातीत याचा जिवाणू फार आहे. ओळखायची सोपी रीत: खोडाचा बुडाकडचा तुकडा कापून काचेच्या पेल्यातल्या स्वच्छ पाण्यात उभा धरा. पाच-दहा मिनिटांत कापलेल्या टोकातून दुधासारखी पांढरी तार खाली उतरली तर जिवाणूच. मग औषध शोधत बसू नका. झाड मुळासकट काढून कचऱ्यात टाका आणि ती माती टोमॅटो, वांगी, मिरची, बटाटा यांना परत वापरू नका. त्यात पालेभाजी लावा. चौथ्या वर्षी माझ्या आठपैकी सहा कुंड्या अशा गेल्या. मीच गेल्या वर्षीची माती उन्हात चार दिवस टाकून पुन्हा भरली होती, आणि तेवढं पुरेल असं समजले होते. परदेशी जुन्या जातींना या रोगाची सवय नसते. म्हणून प्रत्येक वेळी दोन-तीन झाडं बंगळुरूच्या भारतीय बागायती संशोधन संस्थेच्या अर्का रक्षकसारख्या संकराचीही लावा. तो पर्णगुच्छ, जिवाणूजन्य मर आणि करपा या तिन्हींना तोंड देतो. सान मार्झानोची चव त्याला नाही, पण घरात टोमॅटो आले म्हणजे पुढच्या वर्षी पुन्हा लावायची उमेद राहते.

कुंडीत भरायला मी दोन भाग लाल माती, दोन भाग चाळलेलं शेणखत किंवा गांडूळखत, एक भाग कोकोपीट आणि कुंडीमागे मूठभर निंबोळी पेंड घेते. कोकोपीट दोन-तीन पाण्यांतून पिळून घ्या, त्यात खार असतो. बस्स, याहून जास्त शास्त्र करायची गरज मला पडलेली नाही.

झुकिनीची तुमची फळं गळाली ती परागीभवन न झाल्यामुळे. एकाच झाडावर नर आणि मादी फुलं वेगवेगळी येतात. मादी फुलाच्या मागे इवलीशी झुकिनी असते, नराच्या मागे नुसता दांडा. नवव्या मजल्यावर मधमाशी रोज येईल असं धरून चालता येत नाही. सकाळी सात ते नऊ, फूल पूर्ण उमललेलं असताना नर फूल तोडा, पाकळ्या काढा आणि मधला परागाचा दांडा मादीच्या मध्यावर हलक्या हाताने फिरवा. दहा वाजता गेलात तर उशीर झाला. आपल्या हिवाळ्याच्या छोट्या दिवसांत कधीकधी मादी फुलं आधी येतात आणि नर मागून, म्हणून पाच-सात दिवसांच्या अंतराने दोन झाडं लावावीत. 18 ते 20 इंचांच्या कुंडीत एक झाड, त्याहून लहान कुंडी नको. पेरल्यापासून 50 दिवसांत फळ सुरू होतं आणि वीतभर झालं की तोडायचं. ठेवलं तर झाड नवी फुलं काढणं थांबवतं.

जानेवारीत पहाटे दव आणि दुपारी कोरडं ऊन असलं की पानांवर भुरी येते. पीठ भुरभुरल्यासारखे डाग पहिल्या दोन-तीन पानांवर दिसताच एक भाग दूध, नऊ भाग पाणी असं मिश्रण सकाळच्या उन्हात दोन्ही बाजूंनी फवारा, आठवड्यातून दोनदा. सगळं पान पांढरं झाल्यावर फवारून काही होत नाही. फळमाशीसाठी काकडीवर्गाच्या भाज्यांना चालणारा क्यू ल्यूरचा (माशीला ओढणाऱ्या गंधाचा) सापळा टांगा. आणि उरलेली नर फुलं फेकू नका. रोममध्ये ती चीज भरून तळतात. आपल्याकडे भोपळ्याच्या फुलांची भजी होतात तशीच डाळीच्या पिठात बुडवून तळा, चव अगदी घरची लागते.

रुकोलाचं मला सगळ्यात कौतुक, कारण ती परकी नाही. राजस्थान-हरियाणात तेलबियांसाठी तारामिरा पेरतात ना, ती हीच वनस्पती. दिवाळीनंतर दर पंधरा दिवसांनी सहा इंच खोल ट्रेमध्ये पेरत राहा, 30 दिवसांत पहिली कापणी, बुडापासून दोन बोटं ठेवून. तीन कापण्यांनंतर तिखटपणा वाढतो, मग नवीन ट्रे. शेवटची पेरणी जानेवारी अखेरीस.

चीमे दि रापा तुमच्या यादीत नाही, पण घाला. दक्षिणेतल्या पुलिया प्रांताची ही लाडकी भाजी, आपल्या मोहरीच्या कुळातली, न उमललेल्या कळ्यांच्या तुऱ्यासकट खायची. तिच्या जातींची नावंच दिवसांवर आहेत: क्वारान्तिना चाळीस दिवसांची, सेसान्तिना साठांची, नोव्हान्तिना नव्वदांची, चेन्तोव्हेन्तिना एकशे वीसांची. बियाणं बनवणाऱ्यांनी आपल्यासारख्या छोट्या हंगामवाल्यांवर उपकारच केलेत म्हणायचे. आपण फक्त क्वारान्तिना घ्यायची. लांब दिवसांची जात घेतली तर तुरा येईपर्यंत मार्च उजाडतो. तुऱ्यातलं पहिलं पिवळं फूल दिसायच्या आत कापा. तिकडे ती ऑलिव्ह तेलात लसूण आणि सुकी लाल मिरची परतून करतात. ही फोडणी कोणाला शिकवायला नकोच.

बेसिलबद्दल. ही सब्ज्याची बहीण: आपण फालुद्यात सब्जा घालतो ते याच जातीच्या झाडाचं बी. जिनोव्हाच्या बेसिलला 2005 पासून संरक्षित नाव आहे. तिथे ती झुडूप वाढवून पानं खुडत नाहीत. दाट पेरतात आणि वीतभर व्हायच्या आत रोपं मुळासकट उपटून जुड्या बांधतात. पेस्तोला, म्हणजे तिकडच्या बेसिलच्या चटणीला, कोवळं पानच लागतं. आपणही तसंच करावं. रुंद, उथळ ट्रे, दाट पेरणी, 35-40 दिवसांत काढणी, लगेच पुढची. मोठ्या झुडपावर पिठ्या ढेकूण बसतो आणि पान जाड, उग्र होतं, या त्रासातून सुटका होते. बेसिलला थंडी सोसत नाही, त्यामुळे या यादीत हीच एक अशी की ऑक्टोबरपासून मेपर्यंत चालते, मार्चनंतर दुपारची सावली दिली की. पावसाळ्यात मात्र पानाच्या मागे करडी बुरशी येऊन आठवड्यात ट्रे जातो. तेव्हा विश्रांती द्यावी.

फिनोक्यो म्हणजे बडीशेपच, फक्त तिची पानांची बुडं फुगून कांद्यासारखा गड्डा होतो. ती लागते सारख्या गार हवेत, सारख्या ओलीवर, कुठेही खंड न पडता. रोप उपटून लावलं, दोन दिवस पाणी चुकलं, आठवडाभर पारा चढला, काहीही झालं तरी ती गड्डा सोडून दांडा काढते. एक गोष्ट आपल्या बाजूची आहे: डिसेंबरात आपला दिवस अकरा तासांचाच असतो आणि तिला फुलावर जायला लांब दिवस लागतात. ऑक्टोबरच्या मध्यावर थेट कुंडीत पेरा, विरळ करा, बुडाशी माती चढवा. बारा वर्षांत मला सर्वांत मोठा गड्डा मिळाला तो लहान मुलाच्या मुठीएवढा. तरीही मी दरवर्षी दोन कुंड्या लावते, कारण ताज्या गड्ड्याचे पातळ काप संत्र्याच्या फोडींबरोबर खाल्ल्यावर जी थंडाई जिभेवर येते ती बाजारातल्या शिळ्या गड्ड्यात नसते.

रादिक्यो, म्हणजे लाल पानांची कडवट पालेभाजी, तिचा मोह आवरा. रादिक्योचा लाल रंग आणि सौम्य चव थंडीतूनच येते. त्रेव्हिझोचा उशिराचा रादिक्यो तर शेतात गारठ्याच्या रात्री खाऊन मग अंधारात, वाहत्या झऱ्याच्या पाण्यात मुळं बुडवून ठेवतात, तेव्हा त्याची ती पांढऱ्या शिरांची मुडपलेली पानं तयार होतात. ठाण्यात आपल्याला मिळतो हिरवा, सैल, कारल्याशी स्पर्धा करणारा पाला. कावोलो नेरो, म्हणजे तस्कनीचं काळपट केल, त्यापेक्षा बरं. ते हिमाने गोड होतं ते आपल्याकडे होणार नाही, पण पानं हातभर व्हायच्या आत काढत गेलात तर मार्चपर्यंत पुरतं. मावा बसतो, पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुऊन काढा.

बोर्लोत्ती घेवड्याचं पाकीट कुणी दिलं तर लावा, विकत घेऊ नका. कुंडीत मूठभर दाणे मिळतात. साताऱ्याच्या कोरेगाव भागातला वाघ्या घेवडा त्याच जातीचा, तसाच लाल रेघांचा, भौगोलिक मानांकन मिळालेला, आणि तो वाण्याकडे मिळतो. उत्तरेतल्या मोठ्या कांद्यांचं बीसुद्धा नको: त्यांना गड्डा धरायला चौदा तासांहून मोठा दिवस लागतो आणि ठाण्यात सर्वांत मोठा दिवस सव्वातेरा तासांचा. नुसती पात येत राहील.

तुम्ही विचारलंत की मे ते सप्टेंबर बाल्कनी रिकामीच ठेवायची का. सिसिलीत कुकुत्सा नावाची हातभर लांब, फिकट हिरवी भाजी होते. ती आपली दुधीच, तीच जात. तिकडचे लोक तिचे कोवळे शेंडे आणि पानंही खातात, त्यांना तेनेरूमी म्हणतात, टोमॅटो आणि लसणीच्या रश्शात शेवयांसारखा पास्ता मोडून टाकतात. मेच्या शेवटी दुधीचं बी ड्रममध्ये लावा, बाल्कनीच्या जाळीवर चढवा, पावसात ती अशी सुटते की शेंडे खुडावेच लागतात. एवढ्या वर्षांत मला सगळ्यात कमी कष्टाने मिळालेली इटालियन भाजी हीच.

बाल्कनीची दिशा तुम्ही लिहिलेली नाहीत आणि तीच सगळ्यात महत्त्वाची आहे. डिसेंबरात आपल्याकडे दुपारचा सूर्य दक्षिणेला झुकून क्षितिजापासून जेमतेम 47 अंशांवर असतो. त्यामुळे वर छज्जा असला तरी दक्षिणेच्या बाल्कनीत ऊन आत खोलवर येतं. याच बाल्कनीत मे महिन्यात सूर्य डोक्यावर गेल्याने फारसं ऊन नसतं. म्हणजे हिवाळी बागेला दक्षिण बाजू निसर्गतःच सोयीची. पूर्वेला चार-पाच तास मिळाले तर पालेभाज्या आणि बेसिल करा, टोमॅटोचा हट्ट नको. पश्चिमेला फेब्रुवारीपासून 50 टक्क्यांची जाळी लावा. उत्तरेच्या बाल्कनीत डिसेंबरात थेट ऊन येतच नाही, तिथे यातलं काही लावून वेळ घालवू नका. सोसायटीकडे गच्चीची परवानगी मागा आणि कुंड्या विटांवर उचलून ठेवू, गळती होऊ देणार नाही हे आधीच लिहून द्या. घोडबंदरला बांधकामाची धूळ फार आहे, तेव्हा दर चार दिवसांनी सकाळी पानं धुवा. धुळीच्या थराखाली लाल कोळी ही कीड फोफावते.

बियाण्याचं एक. उरलेलं फेकू नका. प्रत्येकाचे दहा दाणे घ्या, मटकीला मोड आणतो तसे ओल्या फडक्यात बांधा, आठवड्याने मोजा. सहा-सातांना मोड आले तर बी चांगलं आहे, थोडं दाट पेरा. बाकीचं घट्ट झाकणाच्या बाटलीत, सिलिका जेलच्या पुडीबरोबर फ्रिजमध्ये. पावसाळ्यात आपल्या कपाटात ठेवलेलं बी लवकर खराब होतं. मुलाला मात्र सुट्टीत येताना बॅगेतून बी आणायला सांगू नका. 2003 च्या वनस्पती विलगीकरण आदेशाप्रमाणे त्याला आयात परवाना आणि तिकडच्या सरकारचं रोगमुक्ततेचं प्रमाणपत्र लागतं, आणि तो नियम योग्यच आहे. 2014 मध्ये टोमॅटोची नागअळी, तुता अब्सोल्युता, भारतात पहिल्यांदा सापडली ती पुण्याजवळ. दुसऱ्या खंडातून आलेली ती कीड आता आपल्या शेतकऱ्यांच्या मागे लागलेली आहे. या जातींची बियाणं इथल्या परवानाधारक विक्रेत्यांकडे मिळतात. सान मार्झानो शुद्ध जात असेल तर आपल्याच सर्वांत निरोगी झाडाचं फळ पूर्ण पिकू द्या, गर दोन दिवस वाटीत आंबवा, धुऊन सावलीत वाळवा. मी सात वर्षं बाहेरचं बी घेतलेलं नाही.

शेवटी कार्चोफो, म्हणजे आर्टिचोक, ज्याबद्दल तुम्ही इतकं प्रेमाने लिहिलंत. ठाण्यात नको. कळी धरण्याआधी त्या झाडाला 10 अंशांखालचे शेकडो तास लागतात आणि आपल्या अख्ख्या वर्षात तसे मूठभरही मिळत नाहीत. पान छान येईल, कळी येणार नाही. पण तुम्ही तिथल्या मावशींबरोबर बसून एकेक पाकळी सोलत, काळं पडू नये म्हणून लिंबाच्या पाण्यात टाकत कार्चोफी साफ केल्याचं लिहिलं आहे, ते वाचताना मला आमची केळफुलाची संध्याकाळच आठवली. तीच सोलणी, तसाच हातांना लागणारा राप, ताकाच्या पाण्यात रात्रभर भिजत ठेवणं, आणि आतला तोच कोवळा, किंचित तुरट गाभा. पुढच्या वेळी जांभळी नाक्याच्या बाजारात केळफूल दिसलं तर घ्या. बाहेरची जांभळी पानं काढून आतला पांढरा कोंब उभा चिरा, मीठ-लिंबाच्या पाण्यात वाफवा आणि लसूण, ऑलिव्ह तेल, मिरपूड घालून तव्यावर दोन्ही बाजूंनी शेका. मुलगा सुट्टीत आला की त्यालाही असंच करून वाढा.